भिंतीतली फ्लश टाकी : १४ महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात चार तारे दिले होते. अकराव्या महिन्यात खोडून दोन केले. आता साडेतीनवर आलेय. तेवढंच वाचायचं असेल तर इथे थांबा, बाकीचं सगळं एका रबरी चकतीबद्दल आहे.

घर लातूरचं, भूकंपाच्या पुढच्या वर्षी, १९९४ ला बांधलेलं. संडास-बाथरूम मिळून पाच बाय सात. आत्याबाईंच्या गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून देशी भांडं काढून कमोड बसवायचं ठरलं. भिंतीला टांगलेलं भांडं आणि भिंतीत लपवलेली टाकी घेतली, सगळं मिळून साडेएकोणीस हजार. जमिनीवरचं साधं भांडं सहा हजारांत झालं असतं. पण टांगलेल्याची उंची आपण ठरवतो. आम्ही सतरा इंच ठेवली, आत्याबाई कुणाचा हात न धरता उठतात. माझ्या मते ते वरचे साडेतेरा हजार तिथेच फिटले. सुरुवातीला त्या बसेचनात. "खाली पाय नाही त्याला, मी पडले म्हणजे?" म्हणाल्या. चौकट चारशे किलो पेलते आणि आत्याबाई भरतात सेहेचाळीस, हे हिशोबाने पटवायला आठ दिवस गेले.

शॉवरबद्दल एकच सांगते. आठ इंचाचा गोल शॉवर दुकानात बघून भाळू नका. गच्चीवरची टाकी शॉवरच्या जेमतेम सात फूट वर असेल तर पाण्याला जोर येणार कुठून? फुटाला अर्धा पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) सुद्धा मिळत नाही. आमचा शॉवर म्हणजे पिंडीवरचं अभिषेकपात्र झालाय. डोक्यावर थेंब पडतात आणि आपण हात जोडून उभं राहायचं.

आता मुद्द्यावर. अकराव्या महिन्यात एका रात्री आत्याबाईंनी उठवलं. "भिंतीत जनावर शिरलंय, फुसफुस करतंय." (रात्री साप म्हणायचं नाही, म्हणून जनावर.) बॅटरी घेऊन सगळे कोपरे पाहिले. आवाज यायचा, मिनिटभर स्स्स करायचा आणि बंद व्हायचा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. बॅटरी भांड्यात मारली तेव्हा कळलं, मागच्या बाजूने पाण्याची केसाएवढी रेघ ओघळत होती. टाकी हळूहळू रिकामी होत होती आणि स्वतःला भरून घेत होती.

दुसऱ्या रात्री मी गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीत पातळीची खूण केली आणि घरातला एकही नळ उघडू दिला नाही. सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं. टाकीचा घेर धरून गणित केलं, चाळीस लिटरच्या आसपास. एका रात्रीत! तीन घागरी!

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच गावाला. त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर आला की घरटी दोनशे लिटर, पुढचा कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. भाजी धुतलेलं पाणी मी फरशीला आणि फरशीचं संडासात वापरलंय. त्या घरात आता चाळीस लिटर झोपेत वाहून जात होतं, आणि तेही सहा आणि तीन लिटरची दोन बटणं देऊन पाणी वाचवतो म्हणणाऱ्या वस्तूतून.

प्लंबर आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, आतून गळायलंय. टाइल्स फोडाव्या लागतात बघा." कंपनीला फोन केला. तीन तक्रार क्रमांक मिळाले, माणूस सतराव्या दिवशी आला. त्याने ओट्यावरच्या नळाची पांढरी तोटी बघितली आणि वही मिटली. क्षारयुक्त पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही म्हणे. अहो, मग दहा वर्षांची वॉरंटी लातुरात विकता कशाला? नळाला रोज पाणी नाही, बाकी दिवस बोअर, आणि बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी हेच त्याला ऐकवलं, जरा जास्तच ऐकवलं. त्याच रात्री दोन तारे केले.

तारे परत वाढले ते भाच्यामुळे. तो सुट्टीला आला, बटणांची पट्टी अंगठ्याने वर सरकवली आणि ती हातात आली. मागे वहीच्या पानाएवढी खिडकी! आतली भरायची तोटी, सोडायची नळी, सगळं त्या खिडकीतून बाहेर निघतं. एका टाइलला धक्का नाही. चौदा महिन्यांत ही एकच गोष्ट बघून मला बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं. मग प्लंबरला आणि कंपनीच्या माणसाला हे माहीत नव्हतं का, की माहीत असून सांगायचं नव्हतं?

मी तेहतीस वर्षं पेपर तपासले, घरात लाल शाईला तोटा नाही. टाकीत चार थेंब टाकले, फ्लश न करता वीस मिनिटं थांबलो. भांड्यात गुलाबी ओघळ उतरला. म्हणजे दोष सोडायच्या नळीखालच्या सीलमध्येच, तीच ती रबरी चकती. सील फाटलेली नव्हती, पण बैठकीवर क्षाराची खरखरीत कड बसली होती, त्यामुळे ती टेकत नव्हती. बैठक लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवून जुन्या ब्रशने घासली. नवी सील दोनशे वीस रुपयांना. बाथरूमचं ॲसिड तिथे अजिबात वापरू नका, रबर खातं आणि नळावर उडालं तर चकाकीही जाते.

त्या रात्री खूण हलली नाही.

अर्धा तारा अजून कापलाय तो बटणांसाठी. लहान-मोठं बटण सारखंच दिसतं, पाहुणे दोन्ही एकदम दाबतात. मी मार्करने 'लहान' लिहिते, आठ दिवसांत पुसून जातं, पुन्हा लिहिते. आणि दर एक तारखेला चार थेंब शाई. आत्याबाई म्हणतात, पोरांचे पेपर संपले, आता संडासाचे तपासतेस.