ओट्स-खजूर बार: पाकीट उलटून वाचल्यावर

दोन महिने रोज दुपारी चारला हा बार खाल्ला. चव छान आहे, हे आधीच सांगते. पर्समध्ये त्याचा चुरा होत नाही. चिप्स, कोला, इन्स्टंट नूडल्स म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात खूप प्रक्रिया केलेले) आणि हा 'हेल्दी', असं माझं सरळ गणित होतं. हिरवं पाकीट, त्यावर ओट्सच्या लोंब्या, 'भरपूर प्रोटीन, भरपूर फायबर'. आणखी काय बघायचं?

परवा लेकीने विचारलं, "आई, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय गं?" यादी इतकी बारीक, की मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचली. पहिलं नाव ग्लुकोज सिरपचं. मग ओट्स, सोया प्रोटीन आयसोलेट (सोयाबीनमधून वेगळं काढलेलं प्रोटीन), माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), ग्लिसरॉल, लेसिथिन. खजूर सातवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे खजूर किती असेल ते समजलंच. शेवटी वेगळा खजुराचा फ्लेवर! मला खरंच वाईट वाटलं.

ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस माँतेरो आणि साओ पावलो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी केलेल्या खाद्यपदार्थांच्या 'नोव्हा' वर्गवारीत 4 गट आहेत. त्यात कॅलरी मोजत नाहीत. पदार्थावर कोणती प्रक्रिया केली आणि कशासाठी, हे बघतात. साधे ओट्सही पाकिटातच मिळतात, वाफवून चपटे केलेले असतात, पण ते पहिल्या गटात, म्हणजे प्रक्रिया नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्यांत. आयसोलेट आणि फ्लेवर घातलेला हा बार चौथ्यात, म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्डमध्ये. माझी बहीण फ्रोझन मटारला हात लावत नाही, कारण 'पाकिटातलं नको'. हे बार मात्र डझनाने आणते. तिला दोष कसा देऊ, मीही तेच करत होते.

हा बार चार घासांत संपतो, चावावा लागतच नाही. बरेचदा मी लगेच दुसरा उघडायचे. 2019 साली अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मेद, फायबर, मीठ जवळपास सारखं, हवं तेवढं खायची मुभा. तरी अल्ट्रा-प्रोसेस्डच्या दिवसांत त्यांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भराभर खाल्ल्या. ते वाचलं तेव्हा माझा दुसरा बार आठवला.

प्रवासासाठी एखादा ठेवेन, रोजचा बंद केलाय. 5 पैकी 2 तारे. खजूर किती टक्के आहे ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलं, तर तिसरा आनंदाने देईन.