चरित्र भूमिका की आवाजाचं काम: आधी कुठे जम बसवावा?

मालिकेत न्यायाधीश, घरमालक, संशयित, खडूस डॉक्टर असली कामं करणारा नट आणि कार्टूनमधल्या खेकड्याला आवाज देणारा नट, हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. क्लॅन्सी ब्राउन हे ठळक उदाहरण. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मधला (१९९४) कैद्यांना बडवणारा कॅप्टन हॅडली त्यांचा, आणि १९९९पासून ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’मधला कवडीचुंबक मिस्टर क्रॅब्जही त्यांचाच. अशी माणसं पाहून नव्या नटाला वाटतं, आपणही दोन्ही करू. करावंच. पण सुरुवातीची चार-पाच वर्षं दोन्ही डगरींवर हात ठेवणं परवडत नाही. कॅमेऱ्यासाठी फोटो, शोरील (आपल्या कामाच्या तुकड्यांची चित्रफीत), कास्टिंगवाल्यांकडे उठबस लागते. आवाजासाठी डेमो (ध्वनिमुद्रित नमुना), माइकची सवय आणि स्टुडिओतल्या ओळखी लागतात. वेळ आणि पैसा आधी कशावर घालायचा, एवढाच इथे प्रश्न आहे. उदाहरणं बहुतेक अमेरिकी टेलिव्हिजनची घेतली आहेत, कारण तिथले करार, मानधनाची भांडणं आणि संप सगळे चारचौघांत झाले. नायक किंवा नायिकाच व्हायचं असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

काम कशाच्या जोरावर मिळतं

चरित्र नटाला काम मिळतं ते आधी चेहऱ्यावर. हे बोचतं, पण खरं आहे. दोन प्रसंगांपुरता सरकारी वकील हवा असेल तर कास्टिंग डायरेक्टरला तो आत येताक्षणी वकील वाटायला हवा. त्याची ओळख करून द्यायला पटकथेत जागा नसते. त्यामुळे तुमचा साचा कोणता, हे स्वतःला निर्दयपणे विचारावं लागतं. पंचविशीत चाळिशीचे दिसणारे लोक याबद्दल कुरकुरतात. या धंद्यात ते नशीबवान आहेत. साच्यात बसणारा चेहरा मधल्या वयात सर्वांत जास्त चालतो आणि गोरागोमटा, कुठेच न अडकणारा चेहरा मागे राहतो.

साचा एकदा ओळखला की त्यातून बाहेर पडायला डोकं लागतं. जॉन रॅट्झनबर्गर ‘चीअर्स’ या एका बारमध्ये घडणाऱ्या मालिकेत नॉर्मच्या भूमिकेसाठी ऑडिशनला गेले. ऑडिशन काही जमलं नाही. निघता निघता त्यांनी विचारलं, तुमच्या या बारमध्ये सगळं आपल्यालाच कळतं असं मानणारा कुणी आहे का? आणि तिथल्या तिथे तो माणूस करून दाखवला. त्यातून पोस्टमन क्लिफ उभा राहिला आणि १९८२ ते १९९३ अशी अकरा वर्षं मालिकेत टिकला. पुढे पिक्सार कंपनीच्या ‘टॉय स्टोरी’ या कार्टूनपटातल्या (१९९५) हॅम या डुकराच्या आकाराच्या गल्ल्याला त्यांचा आवाज आला आणि त्यानंतर पिक्सारच्या चित्रपटांमागून चित्रपटांत येत राहिला. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की आवाजाचं काम त्यांना गळ्यामुळे मिळालं नाही. पडद्यावर एक माणूस आधी उभा केला होता, त्याच्यामुळे मिळालं.

आवाजाच्या कामात चेहरा आणि वय दोन्ही गळून पडतात. नॅन्सी कार्टराइट १९८७मध्ये सिम्पसन कुटुंबावरच्या कार्टूनमधल्या (पुढे त्याचीच ‘द सिम्पसन्स’ ही मालिका झाली) लिसासाठी ऑडिशन द्यायला गेल्या होत्या. तिथे बार्टचं वर्णन वाचलं आणि तोच करून दाखवू का म्हणाल्या. तेव्हापासून आज साठी उलटून गेली तरी त्या दहा वर्षांच्या व्रात्य मुलाचा आवाज आहेत. पडद्यावर असं काही कुणालाच शक्य नाही.

पण ‘माझा आवाज लोकांना फार आवडतो’ एवढ्या भांडवलावर या वाटेला जाऊ नका. भारदस्त आवाज फार तर निवेदनाला उपयोगी. पात्राला आवाज देताना अभिनयच करायचा असतो, फक्त भुवई, हात आणि खांदे काढून घेतलेले असतात. नकला उत्तम करणाऱ्यांचंही बऱ्याचदा इथेच अडतं. तिसऱ्या वाक्याला आवाज तोच राहतो, पण माणूस निघून जातो.

दिवस कसा जातो

शूटिंगचा दिवस म्हणजे वाट पाहण्याचा दिवस. पहाटे बोलावणं, मेकअप, मग प्रकाशयोजना होईपर्यंत बसून राहणं. दोन पानांच्या प्रसंगात तुमची वाक्यं सहा. तो प्रसंग आधी दूरून चित्रित होतो, मग मुख्य नटाच्या बाजूने, आणि तुमचा क्लोज-अप शेवटी. तोवर मुख्य नट कधी कधी निघून गेलेला असतो आणि त्याची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणी सहायक सपाट सुरात वाचतो. आता रागाने थरथरायचं आहे, तेही त्या वाचनाकडे बघून. शिवाय पहिल्या टेकला कुठल्या शब्दावर चष्मा काढला होता, ते आठव्या टेकलाही तसंच व्हावं लागतं, नाहीतर संकलनात तुमचाच तुकडा कापला जातो. चांगला चरित्र नट इथे ओळखू येतो. तो मुद्दाम कमी हालचाली करतो आणि ज्या करतो त्या लक्षात ठेवतो.

आवाजाच्या कामाला मेकअप नाही, संवाद पाठ करणं नाही. कागद समोर असतो. सत्र काही तासांचं, आणि त्यात वाट पाहणं जवळजवळ नाहीच. बंद खोली, माइकसमोर जाळी, कानाला हेडफोन. कुरकुरणारं जाकीट काढून ठेवावं लागतं, बांगड्या काढाव्या लागतात, पान उलटताना तोंड मिटावं लागतं. रिकामं पोट गुरगुरलं तरी टेक वाया जातो. काचेपलीकडून दिग्दर्शक एकच वाक्य तीन-चार तऱ्हांनी मागतो. प्रत्येक वेळी ते खरोखर वेगळं यावं लागतं, नुसतं मोठ्याने किंवा हळू नव्हे. पडणं, मार खाणं, धापा, किंकाळ्या हे सगळं शहाणा दिग्दर्शक सत्राच्या अखेरीस ठेवतो, कारण त्यानंतर गळा त्या दिवसापुरता संपलेला असतो.

यातही दोन जाती आहेत आणि नवख्याला त्यांतला फरक कुणी सांगत नाही. मूळ अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रं त्यावर हलतात. लय तुमची असते. डबिंगमध्ये चित्र आधीच तयार असतं. दुसऱ्याने घेतलेला श्वास, दुसऱ्याने मिटलेले ओठ, त्यात तुमचं वाक्य बसवायचं आणि तरी ते उसनं वाटू द्यायचं नाही. कौशल्य म्हणून मी डबिंगला वरचढ मानतो. मान मात्र त्याला कमी मिळतो.

पैसा

दोन्हीकडे वरचे थोडे लोक फार कमावतात आणि बाकीचे दुसरं काहीतरी करून हे करतात. २०२३च्या संपात अमेरिकी नटांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेच्या आरोग्यविम्याची अट वारंवार चर्चेत आली. तेव्हा वर्षाला २६,४७० डॉलर कमाई झाली तरच विमा मिळे, आणि बहुसंख्य सदस्य तिथवर पोचतच नव्हते. हे संघटनेत शिरकाव झालेल्यांचं. बाहेरच्यांचं तर विचारूच नका.

पाहुण्या भूमिकेचं मानधन बहुधा आधीच ठरलेलं असतं, घासाघीस होत नाही. खरी कमाई येते ती नेहमीचं पात्र झाल्यावर आणि पुनःप्रक्षेपणाच्या पैशातून. केल्सी ग्रॅमर यांचा फ्रेझर ‘चीअर्स’मध्ये १९८४ साली काही भागांपुरताच आणला होता. तो टिकला आणि पुढे स्वतःच्या नावाची मालिका अकरा वर्षं चालवून गेला. असं घडतं, पण ते नियोजनात धरता येत नाही.

आवाजाच्या कामात एका सत्राचं मानधन कमी, पण एका दिवसात दोन स्टुडिओ करता येतात. एकाच मानधनात एकाहून अधिक छोटी पात्रं करून घेण्याची रीत मात्र आहे, करार वाचताना तिकडे बघा. घासाघीस करण्याची ताकद पात्र गाजल्यावरच येते. ‘द सिम्पसन्स’च्या सहा मुख्य आवाजांना १९९८पर्यंत भागामागे ३० हजार डॉलर मिळत होते. त्यांनी वाढ मागितली तेव्हा त्यांना बदलण्याची धमकी मिळाली. अखेर आकडा सव्वा लाखावर गेला. जगातल्या सर्वांत ओळखीच्या आवाजांनाही ‘दुसरे आणू’ असं ऐकावं लागलं, हे तुमच्या गणितात असू द्या.

काम हातून जातं तेव्हा

माझ्या मते निर्णय या मुद्द्यावर व्हायला हवा. पडद्यावरचं पात्र तुमच्या चेहऱ्याला चिकटलेलं असतं. लेखक तुम्हाला मारू शकतो, परगावी पाठवू शकतो, पण उद्यापासून तुमच्या जागी दुसरा माणूस तेच पात्र बिनबोभाट करतोय असं सहसा होत नाही. आवाजाचं पात्र चित्रकाराचं आणि कंपनीचं. ‘विनी द पू’ या कार्टूनमधल्या पिगलेटचा आवाज जॉन फिडलर आणि टिगरचा पॉल विंचेल. दोघेही जून २००५मध्ये एका दिवसाच्या अंतराने गेले. पिगलेट आणि टिगर आजही बोलतात. जेनेट वाल्डो १९६२पासून ‘द जेटसन्स’ या कार्टूनमधल्या ज्युडी जेटसनचा आवाज होत्या. त्यावरच्या १९९०च्या चित्रपटासाठी त्यांनी ध्वनिमुद्रण पूर्णही केलं, आणि मग तो आवाज काढून टिफनी या लोकप्रिय गायिकेचा घातला. नाव मोठं असलेला माणूस तयार झाला की आवाजाच्या नटाची खुर्ची सर्वांत आधी हलते.

आता त्यात यंत्राची भर पडली आहे. जेम्स अर्ल जोन्स यांनी उतारवयात ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरचा आपला आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिमरीत्या घडवायला परवानगी दिली आणि २०२२च्या मालिकेत तो तसा वापरला गेला. त्यांनी ते समजून-उमजून दिलं. नवख्याच्या करारात मात्र असं कलम चार ओळींत उरकलेलं असतं. व्हिडिओ गेमसाठी काम करणारे अमेरिकी नट जुलै २०२४पासून जवळपास वर्षभर संपावर होते, तो मुख्यतः याच प्रश्नावर. पडद्यावरच्या नटांनाही हा धोका आहे. २०२३चा ११८ दिवसांचा संप काही अंशी त्यासाठीच होता. पण आवाजाची नक्कल स्वस्त झाली आहे आणि आधी मार तिथे बसतोय.

अंग आणि गळा

पडद्यावर वय, आजार, वजन सगळं दिसतं. काही भूमिकांचा मेकअपच शिक्षा असतो. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेतल्या क्वार्क या परग्रहवासीयासाठी आर्मिन शिमरमन सात वर्षं रबरी डोकं आणि खोटे दात लावून बसायचे. चेहरा झाकलेला असताना पात्र आवाजावर कसं पेलायचं, याचं याहून चांगलं शिक्षण कुठल्या वर्गात मिळणार? पुढे ‘बायोशॉक’ या गेममधला अँड्र्यू रायन त्यांनीच आवाजाने उभा केला.

आवाजाच्या कामाला शरीर कसंही चालतं. आवाजाचे नट मेल ब्लँक १९६१मध्ये मोटार अपघातातून जेमतेम वाचले, अंगभर प्लास्टर होतं. तरी पलंगावर माइक टांगून ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतला बार्नी त्यांनी सुरू ठेवला (मधले काही भाग डॉज बटलर यांनी सांभाळले). पण गळा हा एकच अवयव, आणि त्याला बदली नाही. गेममध्ये तासन्‌तास ओरडायला लावतात. २०१६च्या गेम-संपात अशा सत्रांवर दोन तासांची मर्यादा ही एक मागणी होती. गाण्याची किंवा नाटकाची तालीम नसलेल्या माणसाने ओरडण्याची कामं घेऊ नयेत, पैसे कितीही असोत.

ओळखीबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे नाव कमीच होतं. मार्गो मार्टिनडेल यांना टेलिव्हिजनचे तीन एमी पुरस्कार मिळाले, आणि ‘बोजॅक हॉर्समन’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत त्यांच्या नावाआधी दर वेळी ‘चरित्र अभिनेत्री’ हे बिरुद लावून त्यांचीच गंमत केली. आवाजही त्यांनीच दिला. टिंगल म्हणा की मानपत्र, मला तरी ते मानपत्र वाटतं.

मग आधी काय?

चेहऱ्याला साचा असेल, वाट पाहण्याचा कंटाळा येत नसेल आणि मधली काही वर्षं दुसऱ्या कामावर घर चालवता येणार असेल, तर आधी कॅमेरा. पडद्यावरची ओळख आवाजाच्या कामाला उपयोगी पडते. उलटं फार क्वचित होतं. मार्टिनडेल, रॅट्झनबर्गर, ब्राउन, सगळीकडे हेच दिसतं.

वाचता वाचता पहिल्याच फटक्यात अर्थ पकडता येत असेल, कान तयार असेल, किंवा प्रकृतीमुळे, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे दिवस दिवस बाहेर राहणं शक्य नसेल, तर आधी आवाज. वय आणि चेहरा यांचं अजिबात जमत नसेल तरीही आवाजच. तिथे तुमच्या विशीला कुणी विचारत नाही आणि साठीलाही नाही. त्यातही डबिंगपासून सुरुवात करावी, कारण तिथे छोट्या आवाजांची गरज सतत असते आणि चुका लगेच कानावर येतात.

कॅमेऱ्याची भीती वाटते म्हणून आवाजाकडे वळणारे बरेच भेटतात. त्यांना माझं सांगणं, की आधी वर्षभर नाटक करा. माइक भीती लपवत नाही. घशाला पडलेली कोरड, अर्धवट श्वास, वाक्याच्या शेवटी गळून गेलेला स्वर, हे कॅमेऱ्यातून एकवेळ निसटेल, पण हेडफोन लावून बसलेल्या ध्वनिमुद्रकाच्या कानातून नाही. आणि कुठलीही वाट धरलीत तरी सही करण्याआधी आवाजाच्या कृत्रिम वापराचं कलम शोधा. ते नसेल तर लिहून घ्या. ‘कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर ते काढून मागा. काम जाईल या भीतीने बहुतेक जण मागतच नाहीत. मागितल्यावर बऱ्याच ठिकाणी ते निघतं.