सिमर की मिक्सियार?

उमरेडकडच्या रानडुकरांनी ज्वारी किती खाल्ली, हे केसांतल्या कार्बनवरून काढायचंय? मग आधी सिमर शिका; खाण्यात कोणत्या अन्नाचा किती वाटा होता, याचा अंदाज देणारं हे सॉफ्टवेअर. ज्वारीचं कार्बन-मूल्य (जड कार्बन-13 चं हलक्या कार्बनशी प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी किती कमी-जास्त, ते) उणे 13 च्या आसपास, तूर-सोयाबीनचं उणे 27 च्या. आलेखावर फरक डोळ्यांनाच दिसतो. अन्नापासून केसापर्यंत मूल्य थोडं वर सरकतं, ती दुरुस्ती विसरलात की सगळं मुसळ केरात. डुकराचा ठिपका पिकांच्या घेऱ्याबाहेर पडला तर तिथेच थांबा; मॉडेल तरीही बिनधास्त टक्केवारी देतं!

मिक्सियार हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर; त्यात कळप, ऋतू, एकेका डुकरातला फरक, सगळं बसवता येतं. पण ते रात्रभर चालतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात माझ्या लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करतो. दोन्ही आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतच चालतात, त्यामुळे सिमरवर केलेली मेहनत वाया जात नाही.