आयोवाचा कॉकस की न्यू हॅम्पशायरची प्रायमरी?

अमेरिकेत अध्यक्षपदाचं तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, ते राज्याराज्यांतले मतदार ठरवतात. त्याच्या मुख्य पद्धती दोन: कॉकस, म्हणजे पक्षाच्या मतदारांची सभा, आणि प्रायमरी, म्हणजे नेहमीसारखं मतदान. त्यांतली एक मला मनापासून आवडते, दुसरी पटते.

आवडतो तो कॉकस. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचा कॉकस २०२०पर्यंत असा चालायचा: कडाक्याच्या थंडीत, ठरल्या वेळी, शेजारीपाजारी शाळेच्या जिममध्ये जमायचे. या कोपऱ्यात एका उमेदवाराची माणसं, त्या कोपऱ्यात दुसऱ्याची. बहुतेक ठिकाणी एखाद्या गटाकडे १५ टक्के माणसं जमली नाहीत, की तो गट बाद ठरायचा आणि बाकीचे येऊन त्यातल्यांची मनधरणी करायचे. समोरासमोर बसून पटवणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण रात्रपाळीची नर्स किंवा तान्ह्या बाळाची आई तिथे तासन् तास कशी थांबणार? शिवाय मत सगळ्यांदेखत. आपला मालक समोरच्या कोपऱ्यात उभा असताना विरुद्ध बाजूला जायला धाडस लागतं. रिपब्लिकन पक्ष निदान चिठ्ठीवर गुप्त मत घेतो. २०२०मध्ये तर निकाल कळवायचं अ‍ॅपच बिघडलं आणि आकडे कित्येक दिवस रखडले.

न्यू हॅम्पशायरची प्रायमरी सरळ आहे. जा, गुप्त मत द्या, कामाला लागा. कुठल्याच पक्षात नाव नसलेल्यालाही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत मध्यरात्रीच मतदान उरकतं. २०२४मध्ये तिथे सहा मतं पडली, सहाही रिपब्लिकन उमेदवार निक्की हेलींना.

मला निवडायला सांगितलं तर मी प्रायमरीच निवडेन, त्या नर्ससाठी.