सफाई कामगार राहू की मुकादम होऊ?

बढती चालून आलीय, घेऊ का, असं एकाने विचारलं. कष्टाचं म्हणाल तर कामगाराचा मजला पुसून झाला की सुटका. मुकादमाच्या हातची फरशीपुसणी काही सुटत नाही. कुणी दांडी मारली की तो मजलाही त्याच्याच गळ्यात.

खरा फरक जबाबदारीत. किल्ल्यांचा जुडगा, फिनेलचा साठा, कामाची वाटणी, गळक्या नळाची तक्रार, सगळं मुकादमाकडे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड ओतलं की विषारी क्लोरीन वायू निघतो, हे नव्या पोराला आधीच शिकवायचं तेही त्यानेच. पगार वाढतो, बोलणीही (जरा जास्तच).

वेळेवर घर गाठायचं असेल तर आहे तेच बरं. कालच्या सोबत्याला ‘कोपरा राहिलाय, परत पूस’ असं न भांडता सांगता येत असेल, तर बढती घ्या.