उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी लाल प्रकाश की ट्रेटिनॉइन?

पन्नाशीतल्या एका मैत्रिणीने गालांवरचे डाग आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दाखवत हा प्रश्न विचारला, म्हणून हे लिहिते आहे.

पुराव्याच्या बाबतीत ट्रेटिनॉइन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले त्वचेवर लावायचे मलम, बरेच पुढे आहे. १९८० च्या दशकापासून झालेल्या चाचण्यांत या मलमाने बारीक सुरकुत्या, खरखरीतपणा आणि काळे डाग हे तिन्ही कमी झालेले दिसले आहेत. उपकरणातून त्वचेवर टाकला जाणारा सुमारे ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पेशींना कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) निर्मितीसाठी चालना देतो. त्याने त्वचेचा पोत आणि बारीक रेषा काहीशा सुधारतात, मात्र डागांसाठी त्यावर विसंबू नये.

सोसण्याच्या दृष्टीने चित्र उलटे आहे. मलमाने पहिले काही आठवडे नाकाच्या कडेची त्वचा लालसर होऊन सोलते, आग होते आणि गरोदरपणात ते वर्ज्यच आहे. प्रकाशाने सहसा असे काही होत नाही, फक्त डोळे झाकावे लागतात.

मलम रात्री मटाराएवढे लावले की झाले, तर प्रकाशासमोर आठवड्यातून अनेकदा दहा-वीस मिनिटे बसावे लागते. उपकरणाचा खर्च एकदम येतो. दोन्हींत फरक दिसायला काही महिने लागतात आणि सनस्क्रीन दोन्हींत अनिवार्य आहे.

डाग ही मुख्य तक्रार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन घ्यावे. त्वचा नाजूक असून अपेक्षा माफक असतील, तर लाल प्रकाश योग्य.