‘स्पर्धेसाठी तयार’ रॉक क्रॉलर: पैसे देण्यापूर्वी काय तपासावे

रॉक क्रॉलर ही वेगाची गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या साधारण एक-दशांश मापाची ही रिमोटवर चालणारी गाडी स्पर्धेत खडकांवर मांडलेल्या खुणांच्या जोड्यांमधून, म्हणजे गेटमधून, न उलटता, खुणेला न लागता आणि शक्य तितकी कमी मागे घेत न्यायची असते. खुणेला धक्का लागला, गाडी रिव्हर्स घ्यावी लागली किंवा हाताने सरळ करावी लागली की दंडाचे गुण चढतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. म्हणून चांगला क्रॉलर ओळखायचा तो सावकाश चालण्यावरून आणि तीव्र उतारावर जागच्या जागी थांबण्यावरून. विकणाऱ्यांच्या व्हिडिओंत मात्र धूळ उडवत पळणारी, पाण्यातून उसळत जाणारी गाडी दिसते. पहिली गाडी घेणाऱ्याला नेमके काय पाहायचे हे ठाऊक नसते. फसवणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. माझ्याशी झालेला व्यवहार मी तपशिलाने मांडत आहे, कारण ज्या भागांबाबत मला खोटे सांगितले गेले, त्याच भागांबाबत खोटे बोलणे सर्वांत सोपे आहे.

आपल्याकडे जुनी गाडी घेण्याकडे कल का असतो, हे आधी सांगायला हवे. खेळण्यांवरील मूलभूत सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. त्यावर अन्य कर आणि वाहतूक धरली, तर नामांकित कंपनीचा नवा क्रॉलर परदेशातील किमतीच्या बराच पुढे जातो. सह्याद्रीच्या पायथ्याचा काळा बसाल्ट या खेळाला उत्तम मानवतो, पुण्यासारख्या शहरात छंद जोपासणारे थोडे पण निष्ठावंत लोक आहेत, आणि तरीही दुकानात जाऊन गाडी हातात घेऊन पाहण्याची सोय फारशी नाही. अशा वेळी ‘एकाच मालकाने वापरलेली, स्पर्धेसाठी बांधलेली’ अशी जाहिरात दिसली की माणूस थांबून वाचतो.

समाजमाध्यमावर मला दिसलेल्या जाहिरातीत अॅक्सिअल कंपनीची एससीएक्स-१० टू ही गाडी होती. दोन्ही अॅक्सल (चाकांची जोडी धरणारे आस) लॉक केलेले, २५ किलोचा सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), खास क्रॉलरसाठीचा ईएससी (मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), ३५ टर्नची (तारेचे ३५ वेढे असलेली) मोटर, थ्री-एस (तीन सेलची) लिपो बॅटरी, रिमोट आणि चार्जर, असे सगळे मिळून ३४,००० रुपये. विक्रेता अत्यंत सौजन्याने बोलत असे. तो मला ‘सर’ म्हणत होता, स्पर्धेच्या नियमांविषयी माझ्यापेक्षा जास्त बोलत होता, आणि गाडी खडकांवर चढतानाचे तीन व्हिडिओ त्याने लगेच पाठवले. त्यांपैकी एकाही व्हिडिओत गाडीचा पोटाकडचा भाग दिसत नव्हता आणि एकाही व्हिडिओत गाडी उतारावर थांबलेली नव्हती. मी खालच्या बाजूची छायाचित्रे मागितली, तेव्हा त्याने एक अंधुक छायाचित्र पाठवले आणि त्याच संध्याकाळी ‘दुसरे एक गिऱ्हाईक उद्या येऊन नेणार आहे’ असे सांगून निम्मी रक्कम मागितली.

पैशांचा भाग थोडक्यात सांगतो. यूपीआयवर रक्कम पाठवताना समोर दिसणारे नाव विक्रेत्याचे नव्हते. ते ‘भागीदाराचे’ आहे असे सांगण्यात आले. शेऱ्याच्या जागी ‘गिफ्ट’ लिहायला सांगितले गेले. उरलेली रक्कम दिल्यानंतर पार्सल सीमाशुल्क विभागाकडे अडकल्याचे कळवून आणखी ६,५०० रुपये मागण्यात आले आणि तेही घेण्यात आले. प्रत्यक्षात पार्सलवर देशांतर्गत कुरिअरची पावती होती आणि ते शेजारच्या राज्यातून निघाले होते. सीमाशुल्क सरकारकडे थेट किंवा आयात हाताळणाऱ्या कुरिअर कंपनीमार्फत भरले जाते आणि त्याची कागदपत्रे असतात. ते कोणा व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले जात नाही. ‘कस्टममध्ये अडकले’ हे वाक्य ऐकू आले की व्यवहार तेथेच थांबवावा.

आता गाडीकडे वळतो, कारण खरा धडा तिच्या पोटात होता. वरची बॉडी अस्सल होती, टायरही चांगल्या मऊ रबराचे होते. बॉडी काढल्यावर मात्र आत दुसरीच गाडी निघाली. एससीएक्स-१० टू ही गाडी २०१६ साली बाजारात आली, आणि तिच्या आधीच्या गाडीपासून तिला वेगळे करणाऱ्या दोन गोष्टी ज्याला माहीत आहेत त्याला ती एका नजरेत ओळखता येते. पहिली म्हणजे, चाके वळवणारा सर्व्हो पुढच्या अॅक्सलवर नसून चेसिसवर, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्यावर, बसवलेला असतो आणि अॅक्सल आडवा हलू नये म्हणून चेसिसपासून अॅक्सलपर्यंत एक तिरकी पॅनहार्ड दांडी असते. दुसरी म्हणजे, गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट अॅक्सलच्या मध्यरेषेच्या वर शिरतो, जेणेकरून तो खडकावर आपटू नये. मला मिळालेल्या गाडीत सर्व्हो अॅक्सलवर होता, पॅनहार्ड दांडी नव्हती आणि शाफ्ट खालच्या अंगाने शिरत होता. चेसिसच्या दोन पट्ट्या ३१३ मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधील अंतर), कोणत्याही कंपनीचे नाव नसलेल्या सुट्या फ्रेमच्या होत्या. अशा फ्रेम उघडपणे विकल्या जातात आणि त्यांवर उत्तम गाड्या बांधणारे लोकही आहेत. तक्रार फ्रेमविषयी नाही. एका गाडीचे नाव आणि किंमत लावून दुसरीच वस्तू विकण्याविषयी आहे.

लॉक केलेल्या अॅक्सलचा दावा तपासायला एक मिनिट पुरते. क्रॉलरमध्ये डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या दोन चाकांत शक्ती वाटणारे गिअर, लॉक हवे, नाहीतर एक चाक हवेत उचलले गेले की सगळी शक्ती त्याच चाकात वाया जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. गाडी उचलून एका बाजूचे चाक हाताने फिरवावे. त्याच अॅक्सलचे दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर अॅक्सल लॉक आहे, उलट दिशेने फिरले तर नाही. माझ्या गाडीने घरात ही चाचणी दोन्ही अॅक्सलवर पार केली होती. खडकावर थोडा वेळ चालवल्यावर मागचे चाक मोकळे फिरू लागले. अॅक्सल उघडला तेव्हा डिफरन्शियलच्या गिअरमध्ये गरम करून लावायचा डिंक भरलेला आढळला, जो ताण पडताच तुटून त्याचे तुकडे ग्रीसमध्ये मिसळले होते. म्हणून ही चाचणी गाडी थंड असताना एकदा आणि चढावर पंधरा-वीस मिनिटे चालवल्यानंतर पुन्हा एकदा करावी, आणि शक्य असेल तर अॅक्सलचे झाकण उघडूनच दाखवायला सांगावे. चार स्क्रूंचे काम आहे. प्रामाणिक विक्रेता त्याला नकार देत नाही.

सर्व्होवर २५ किलोचा स्टिकर होता. हा आकडा म्हणजे सर्व्होच्या आसापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो किती वजन पेलू शकतो याचे माप, आणि ते कोणत्या व्होल्टेजवर हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सहा व्होल्टवरचा जोर आणि ७.४ व्होल्टवरचा जोर यांत मोठा फरक पडतो. माझ्या गाडीची चाके सपाट फरशीवर सुरेख वळत, पण टायर दोन दगडांच्या फटीत अडकला की सर्व्हो नुसता गुरगुरत असे, आणि थोड्याच दिवसांत त्याचे दात झिजले, कारण आतले गिअर प्लास्टिकचे होते. येथे फरशीवरच्या व्हिडिओवर मुळीच विश्वास ठेवू नये. पुढचे चाक विटेला टेकवून, गाडी न हलवता, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखवायला सांगावे.

मला सर्वांत जास्त खटकते ती ईएससीची बाब, कारण स्पर्धेत तिच्यावरच सगळे अवलंबून असते. क्रॉलरच्या ईएससीमध्ये ड्रॅग ब्रेक असतो: रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर सोडला की मोटर चाकांना धरून ठेवते आणि गाडी उतारावर जागीच उभी राहते. चालकाला थांबून पुढचा मार्ग ठरवता येतो तो यामुळेच. माझ्या गाडीतील ईएससीवर क्रॉलरसाठी प्रसिद्ध असलेल्या एका ईएससीचा स्टिकर चिकटवलेला होता; तो ओलसर होताच निघाला आणि खाली साध्या, पळणाऱ्या गाडीचा ईएससी निघाला. ट्रिगर सोडताच गाडी घरंगळत खाली येई. गेटच्या तोंडाशी पोचलेली गाडी अशी मागे आली की खुणेलाही लागते आणि उलटतेही. मोटरवरचे लेबल खरवडलेले होते, आणि ती ३५ टर्नची नव्हती हे तिच्या चालीवरून स्पष्ट होते; टर्न जितके जास्त तितकी मोटर संथ आणि ताब्यात राहणारी, आणि ही मोटर ट्रिगरला जरा स्पर्श होताच गाडीला झटक्याने पुढे फेकत असे.

बॅटरीचा प्रकार तर धोक्याचा होता. लिपो बॅटरीच्या प्रत्येक सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असते, म्हणून टू-एस बॅटरी ७.४ व्होल्टची आणि थ्री-एस ११.१ व्होल्टची. लेबल कितीही बदलले, तरी चार्जिंगसाठी असलेल्या बॅलन्स प्लगमधील तारा खोटे बोलत नाहीत: सेलपेक्षा एक तार जास्त असते, म्हणजे टू-एसला तीन तारा आणि थ्री-एसला चार. माझ्या बॅटरीच्या वेष्टनावर ११.१ छापले होते आणि प्लगमध्ये तीन तारा होत्या. शिवाय ती फुगलेली होती. फुगलेली लिपो चार्ज करणे म्हणजे आग लागण्याची जोखीम पत्करणे होय. जुन्या गाडीसोबत आलेली बॅटरी, ती चांगली दिसली तरी, मोफत मिळाली आहे असे समजू नये. नवी बॅटरी आणि बॅलन्स चार्जर यांचा खर्च किमतीत धरूनच सौदा ठरवावा.

या सर्व चाचण्या विक्रेत्याकडून थेट व्हिडिओ कॉलवर करून घेता येतात. आधी चित्रित केलेला व्हिडिओ कोणत्याही गाडीचा असू शकतो. कॉलवर बॉडी काढायला सांगावी, गाडी उलटी करून पोट दाखवायला सांगावे, आणि मग एका तिरक्या फळीवर ती चढवून मध्यावर ट्रिगर सोडायला सांगावे. हे करण्याऐवजी जो घाई करतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

पहिल्या गाडीबाबत माझे मत आता ठाम आहे. आपल्या भागात ज्या गटासोबत स्पर्धेत उतरायचे आहे, त्या गटाची नियमावली आधी मागून घ्यावी, कारण कोणत्या वर्गात किती मापाचे टायर चालतात, १.९ इंचाची चाके की २.२ इंचाची, हे त्यावरून ठरते आणि चुकीच्या मापाची गाडी कितीही चांगली असली तरी त्या वर्गात उतरू शकत नाही. त्यानंतर, गटातील निदान दोघांकडे जी गाडी आहे तीच घ्यावी. ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ असो वा अॅक्सिअलची एखादी गाडी, खडकावर शाफ्ट तुटला की त्या दिवशी सुटा भाग कोणाच्या पेटीत आहे, हे जाहिरातीतील कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. बिल देणाऱ्या विक्रेत्याकडची साधी नवी गाडी ही बिलाविना मिळणाऱ्या ‘स्पर्धेसाठी तयार’ गाडीपेक्षा पहिल्या वर्षी जास्त काम देते. सर्व्हो पुढे बदलता येतो, टायर बदलता येतात.

फसवणूक झालीच, तर पहिल्या काही तासांत १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी खाते गोठवले जाण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. विक्रेता व्यवसाय म्हणून माल विकत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडेही जाता येते. मी तक्रार केली तेव्हा पार्सल उघडतानाचे सलग चित्रीकरण, कुरिअरची पावती, यूपीआयच्या नोंदी आणि सर्व संभाषण जोडले होते. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

मधल्या काळात तीच जाहिरात वेगळ्या नावाने आणि चार हजार रुपये कमी किमतीत पुन्हा दिसू लागली आहे. छायाचित्रे जुनीच आहेत. त्यांपैकी अंधुक असलेले छायाचित्र मोठे करून पुढच्या चाकांच्या मध्ये पाहावे: सर्व्हो अॅक्सलवर बसवलेला स्पष्ट दिसतो, आणि वर गाडीचे नाव एससीएक्स-१० टू असे लिहिलेले आहे.